कोंबडी घरची, कोंबडा बाहेरचा: परसात मिश्र जातीची पैदास कशी करावी

परसातल्या कोंबड्या सुधारायच्या म्हटलं की बहुतेक जण सुधारित जातीची शंभर पिल्लं आणतात. त्यातली काही पहिल्या पंधरवड्यात दगावतात, काही मुंगूस नेतो. उरलेली छान वाढतात, भरपूर अंडी देतात, आणि दोन वर्षांनी खुराडं पुन्हा रिकामं होतं. या कोंबड्या सहसा खुडूक (अंडी उबवायला) बसत नाहीत, त्यामुळे पुढची पिल्लं घरात निघत नाहीत. दर खेपेला पैसे मोजून नवी पिल्लं आणावी लागतात.

यावर सगळ्यात टिकाऊ उपाय म्हणजे घरच्या गावठी कोंबड्या तशाच ठेवायच्या आणि त्यांच्यावर बाहेरून आणलेला सुधारित कोंबडा सोडायचा. पिल्लं आईकडून चपळपणा, काटकपणा आणि घार दिसताच झुडपात शिरण्याची अक्कल घेतात, बापाकडून अंडी आणि वजन. आम्ही संगमेश्वर तालुक्यातले, त्यामुळे खालचं बरंचसं कोकणातल्या पावसाला आणि मुंगसाला धरून आहे. पण देशावर आणि विदर्भातही क्रम हाच राहील.

## १. आधी ठरवा: अंडी हवीत की वजन?

'दोन्ही' हे उत्तर सगळ्यांचंच असतं, पण निवड करताना एकाला पुढे ठेवावंच लागतं. अंगाने भारी होत जाणारी कोंबडी साधारणपणे अंडी कमी देते आणि खाते जास्त. दरवर्षी सगळ्यात थोराड पिल्लू पैदाशीला ठेवत गेलात, तर चार-पाच पिढ्यांत अंडी घटलेली दिसतील.

घरापुरती अंडी आणि सणाला एखादा कोंबडा एवढीच गरज असेल, तर अंड्यांकडे झुकणारा मध्यम अंगाचा कोंबडा आणा. गावठी दरात नर विकायचे असतील तर थोडा भारी चालेल. पण गावठीसारखा रंग आणि बांधा सुटला की गिऱ्हाईक 'गावरान' म्हणून भाव देत नाही, हेही लक्षात ठेवा.

## २. जमवायचं साहित्य

- दोन वेगळी खुराडी, किंवा एक खुराडं आणि जाळीचा एक बंदिस्त कप्पा. नवीन पक्षी वेगळे ठेवायला हा कप्पा लागतोच.
- पिल्लं झाकायला दोन-तीन डालगी.
- उबवणीसाठी पसरट टोपल्या, कोरडी राख, वाळू, भाताचा पेंढा.
- अंडी तपासायला बारीक झोताची बॅटरी.
- पायात घालायच्या रंगीत प्लॅस्टिकच्या कड्या. दोरा बांधू नका. पाय वाढतो, दोरा मांसात रुततो आणि पक्षी कायमचा लंगडा होतो.
- शिसपेन्सिल आणि एक वही.
- किलोत आणि ग्रॅममध्ये मोजणारा छोटा काटा.
- लस आणायला बर्फ घातलेला थर्मास.

यातली वही सगळ्यात महत्त्वाची. कोणती कोंबडी कधी अंड्यावर आली, किती घातली, कधी खुडूक झाली, किती पिल्लं निघाली आणि दोन महिन्यांनी किती उरली, एवढंच लिहायचं. ही पाच खाती नसतील तर पुढे निवड कशाच्या जोरावर करणार?

## ३. बाजारातली नावं ओळखा

गिरीराज ही बंगळूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाने तयार केलेली रंगीत, भारी जात. वनराज, ग्रामप्रिया, श्रीनिधी या हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाच्या. वनराज वजन आणि अंडी दोन्हींसाठी, तर ग्रामप्रिया मुख्यतः अंड्यांसाठी. परसात ती वर्षाला १६० ते १८० अंडी देऊ शकते. आपली गावठी ६० ते ८० देते, हे शेजारी ठेवून पाहा. कावेरी ही बंगळूरच्या केंद्रीय कुक्कुट विकास संस्थेची, अंड्यांकडे झुकणारी. आर.आय.आर., म्हणजे ऱ्होड आयलंड रेड, ही मूळची अमेरिकी, गडद तांबडी, तपकिरी अंड्यांची. आपल्याकडच्या पैदाशीत तिचा वापर फार जुना आहे.

देशी जातींत आंध्र-छत्तीसगडकडचा असील उंच, बळकट आणि भांडकुदळ. कडकनाथ मध्य प्रदेशातल्या झाबुआचा. त्याच्या काळ्या मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने याच देशी जातींवरून परसासाठी संकर केले आहेत. त्यांतला कॅरी निर्भीक असीलवरून, कॅरी श्यामा कडकनाथवरून, तर हितकारी उघड्या मानेच्या देशी कोंबडीवरून.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचा सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. गिरीराज, वनराज, ग्रामप्रिया ही पिल्लं वेगवेगळे वंश जुळवून काढलेली असतात. ते मूळ वंश संस्थेकडे सांभाळलेले असतात आणि तुमच्या हातात येतं ते त्यांचं शेवटचं फळ. घरातल्या वनराज कोंबड्यांवर घरातलाच वनराज कोंबडा सोडला, तर निघणारी पिल्लं आईबापांसारखी एकसारखी निघत नाहीत. काही छान, काही खुरटी, काही मधलीच. संकराचा जोम पहिल्या पिढीत भरात असतो आणि पुढच्या पिढीत आपसात जोडला की साधारण निम्म्यावर येतो. म्हणून या जातींचा कोंबडा गावठी कोंबडीवर वापरावा, त्याच जातीच्या कोंबडीवर पैदाशीसाठी वापरू नये.

### बाजारातले सापळे

- रंगवलेली पिल्लं. गुलाबी, हिरवी, पिवळी पिल्लं टोपलीत घेऊन दारावर येतात. ती बहुधा अंड्यांच्या व्यावसायिक जातीतली नको असलेली नर पिल्लं असतात. वजनही नाही आणि अंडी तर नाहीतच.
- काळा तो कडकनाथ नव्हे. काळ्या पिसांचा कुठलाही कोंबडा त्या नावाने खपवतात. तोंड उघडून जीभ पाहा, टाळू पाहा, तळपाय पाहा, तेही काळसर हवेत. आणि काळी अंडी दाखवणाऱ्याकडून काहीच घेऊ नका, कडकनाथचं अंडं फिकट बदामी असतं.
- 'गावरान' म्हणून विकलेले संकर. शेडमध्ये वाढलेल्या रंगीत पक्ष्यांचे पाय मऊ, नखं लांब आणि न झिजलेली असतात. उकिरडा उकरणाऱ्या कोंबडीची नखं झिजलेली असतात.

खात्रीची पिल्लं हवी असतील तर पशुसंवर्धन विभागाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं पुणे (खडकी), कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर इथे आहेत. मुंबईत गोरेगावच्या आरे वसाहतीत केंद्रीय कुक्कुट विकास संस्थेचं पश्चिम विभागाचं केंद्र आहे. मागणी आधी नोंदवावी लागते. कृषी विज्ञान केंद्रातही चौकशी करा, बऱ्याच ठिकाणी पिल्लं मिळतात.

## ४. घरच्या कोंबड्या निवडा

सगळ्या गावठी कोंबड्या पैदाशीला घेऊ नका. दहापैकी चार-पाच घ्या, पण निवडून. रात्री खुराड्यात पक्षी शांत असतात तेव्हा एकेक हातात घ्या.

कोंबडी काखेत धरा, डोकं मागे आणि शेपटी पुढे. शेपटीखाली, अंडं पडतं त्या जागेच्या दोन्ही बाजूंना दोन टोकदार हाडं हाताला लागतात. त्या दोन हाडांमध्ये बोटं आडवी ठेवून पाहा. दोन-तीन बोटं बसली आणि हाडं लवचीक लागली, तर कोंबडी अंड्यावर आहे. एकच बोट कसंबसं बसलं तर अंडी थांबलेली आहेत. मग या हाडांपासून छातीच्या हाडाच्या टोकापर्यंतचं पोट चाचपा. अंड्यावरच्या कोंबडीचं पोट मऊ, लोण्यासारखं लागतं आणि अंडं पडायची जागा मोठी, ओलसर असते. तुरा लाल आणि ऊबदार हवा. छातीचं हाड वाकडं, पायावरचे खवले उचललेले किंवा पंखाखाली उवा-लिखांचे गोळे असतील, तर ती कोंबडी आत्ता नको.

खुडूक झालेली कोंबडी या परीक्षेत नापास होईल, म्हणून तिला बाद करू नका. तिची वही बघा.

हात फिरवून आजची स्थिती कळते, वर्षाचं उत्पन्न कळत नाही. आणि अंड्यांच्या संख्येबाबत एक अडचण आहे. वजन, अंड्याचा आकार हे गुण आईबापाकडून पिल्लांत बऱ्यापैकी उतरतात. अंड्यांची संख्या आणि जगण्याची ताकद मात्र कमी उतरते, त्यावर खाणंपिणं, ऋतू आणि नशीब यांचा पगडा जास्त. एका कोंबडीने यंदा खूप अंडी दिली म्हणून तिच्या मुली देतीलच असं नाही. पण तिच्या बहिणीही चांगल्या, आईही चांगली, मागच्या वेताच्या मुलीही चांगल्या, असं सगळं घराणंच दिसलं तर ते खरं समजा. एकटी कोंबडी न बघता तिचं घराणं बघून निवड करायची. हेच दोन गुण संकराने मात्र चांगले सुधारतात, आणि बाहेरचा कोंबडा आणण्यामागचं खरं कारण हेच.

आई म्हणून ती कशी आहे हेही वहीत असू द्या. दहा पिल्लं काढून दोन महिन्यांनी आठ सांभाळणारी कोंबडी माझ्या लेखी पंधरा अंडी जास्त देणारीपेक्षा मोलाची आहे.

रंगाबद्दल माझं मत ठाम आहे. मोकळ्या परसात पांढऱ्या कोंबड्या नकोत, घारीला दुरून दिसतात. तपकिरी, ठिपक्याठिपक्यांच्या, वाळल्या पाल्यात मिसळून जाणाऱ्या कोंबड्या टिकतात.

## ५. कोंबडा निवडा

कोंबडा एकच असला तरी कळपाचा निम्मा वारसा त्याच्याकडून येतो, म्हणून सगळ्यात जास्त वेळ त्याच्यावर घालवा.

वय आठ महिने ते दोन वर्षं. पाय सरळ, बोटं सरळ, चाल दमदार. डोळे स्वच्छ आणि तेजदार. नाकातून घरघर नको. वजन तुमच्या कोंबड्यांच्या दुपटीपर्यंत चालेल, त्यापुढे नको. पूर्ण वाढलेला गिरीराज सव्वा किलोच्या गावठी कोंबडीवर चढला की तिच्या पाठीची पिसं जातात, कातडी फाटते, आणि ती त्याला टाळायला लागते. मग अंडी फलित होत नाहीत आणि दोष उबवणीला लागतो. म्हणून घरगुती कळपासाठी मी आर.आय.आर., कावेरी किंवा ग्रामप्रियाचा नर सुचवेन. भारी नर आणलाच तर त्याच्या टाचेवरचे काटे बोथट करा.

उन्हाळा कडक असलेल्या विदर्भ-मराठवाड्यात उघड्या मानेच्या कोंबड्याचा विचार जरूर करा. पिसं कमी असल्याने त्याला उष्मा कमी बाधतो. हा गुण एकाच बाजूने आला तरी पिल्लात दिसतो. मानेच्या खालच्या बाजूला, छातीजवळ पिसांचा झुपका असेल तर त्या पक्ष्यात हा गुण एकाच बाजूने आलेला आहे आणि त्याची साधारण निम्मी पिल्लं उघड्या मानेची निघतील. मान पूर्ण उघडी असेल तर सगळीच निघतील.

आता गावोगाव घडणारी एक गोष्ट. गटारीला, जत्रेला, राखणीला, पाहुणे आले म्हणून, आपण कळपातला सगळ्यात देखणा कोंबडा कापतो किंवा विकतो, कारण भाव त्यालाच येतो. मागे उरतो तो किरकोळ, कुणी न घेतलेला नर. आणि तोच पुढच्या पिल्लांचा बाप होतो. वर्षानुवर्षं हेच झालं की गावठी कोंबडी 'खुरटी झाली' म्हणतात. जातीत काही दोष नाही, आपण निवड उलटी केली. म्हणून पैदाशीचा कोंबडा ठरला की त्याच्या पायात वेगळ्या रंगाची कडी घाला आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा: हा विकायचा नाही, कापायचा नाही.

## ६. आणलेला पक्षी तीन आठवडे वेगळा ठेवा

ही पायरी सगळे टाळतात, आणि मानमोडी याच वाटेने घरात शिरते. मानमोडी म्हणजे राणीखेत. मान वाकडी, हिरवी हगवण, आणि दोन-चार दिवसांत सगळं खुराडं साफ.

कप्पा कळपापासून दूर असावा. भांडी वेगळी. खाणंपाणी घालताना आधी घरच्या कोंबड्यांना, मग नव्याला. उलट कधीही नाही. हात-पाय धुऊनच परत यायचं. पहिल्या दोन दिवसांत उवांसाठी पंखाखाली आणि शेपटीखाली पाहा. जंताचं औषध पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून वजनाप्रमाणे द्या.

भारतात पाळीव कोंबड्यांतला बर्ड फ्लू पहिल्यांदा नोंदला गेला तो २००६ च्या फेब्रुवारीत, आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. अचानक एकाच वेळी बरेच पक्षी मेले तर ते ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नका, विकू तर मुळीच नका. दवाखान्यात कळवा.

## ७. जोडी लावा, पण थांबा

एका कोंबड्यामागे आठ ते दहा कोंबड्या. कमी कोंबड्या ठेवल्या तर त्यांच्या पाठी सोलतात, जास्त ठेवल्या तर रिकामी अंडी वाढतात.

घरचा जुना कोंबडा आधी बाजूला काढा, आणि त्यानंतर तीन आठवडे उबवणीसाठी अंडी धरू नका, खा किंवा विका. कोंबडीच्या पोटात नराचं बीज दोन-तीन आठवडे जिवंत राहतं. नवा कोंबडा आला म्हणून आठवड्यात अंडी बसवली, तर त्यातली बरीच पिल्लं जुन्याच कोंबड्याची निघतील आणि सुधारित कोंबडाच वाईट अशी तुमची समजूत होईल. मोकळ्या परसात शेजारचा कोंबडाही येतो. ज्यांना बाप पक्का हवा त्यांनी या काळात निवडक कोंबड्या कोंबड्यासोबत जाळीतच ठेवाव्यात.

घरात काळ्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांची कोंबडी असेल तर एक सोय होते. तिच्यावर आर.आय.आर.सारखा बिनपट्ट्यांचा तांबडा कोंबडा असला, तर पट्ट्याचा गुण आईकडून फक्त मुलग्यांत जातो. अंड्यातून बाहेर आल्याबरोबर ज्या काळ्या पिल्लाच्या डोक्यावर पांढरा ठिपका, तो नर. ठिपका नसलेली मादी. पिल्लं मुळात काळी निघत असतील तरच हे दिसतं. आणि कोंबडा पट्टेवाला, कोंबडी साधी असं उलट केलं तर ओळख पटत नाही.

## ८. अंडी निवडा आणि खुडूक बसवा

तलंगांची (तरुण कोंबड्यांची) पहिली बारीक अंडी बसवू नका. फार मोठं, लांबुळकं, गोल, तडा गेलेलं किंवा खरखरीत कवचाचं अंडं नको. अंडं धुवायचं नाही; माखलेलं असेल तर खाऊन टाका. निवडलेलं अंडं टोकदार बाजू खाली करून, थंड जागी, गार वाळूच्या मडक्यात ठेवा. सात दिवसांपर्यंतची अंडी बसवा; त्यापुढे निपज घसरत जाते. प्रत्येकावर शिसपेन्सिलीने आईची खूण आणि तारीख.

सुधारित कोंबडीची अंडी असोत की गावठीची, उबवायला गावठीच. टोपलीत तळाला राख, वर पेंढा, थोडा कडुनिंबाचा पाला. अंगाप्रमाणे दहा-बारा अंडी, आणि बसवणं रात्री. दोन-तीन कोंबड्या एकाच वेळी खुडूक असतील तर एकाच रात्री बसवा. पिल्लं निघाली की दोघींची एकीकडे देता येतात. दिवसातून एकदा तिला उठवून खाणंपाणी आणि विष्ठेला बाहेर काढा.

सातव्या रात्री अंधारात अंड्याच्या रुंद टोकाला बॅटरी लावा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा आणि मध्ये हलणारा काळा ठिपका दिसला तर पिल्लू धरलंय. आरपार स्वच्छ दिसलं तर अंडं रिकामं. आत लाल कडं दिसलं तर जीव धरून मेला. रिकामी आणि मेलेली काढून टाका, नाहीतर सडून फुटतात. रिकामीच जास्त निघाली तर कोंबडा बघा. मेलेली जास्त निघाली तर साठवण, उष्णता किंवा रक्ताची जवळीक बघा.

मशीन वापरत असाल तर तापमान ३७.५ अंश सेल्सिअसच्या आसपास, अठराव्या दिवसापर्यंत दिवसातून तीन-चार वेळा अंडी फिरवायची, मग फिरवणं बंद आणि ओलावा वाढवायचा. एकविसाव्या दिवशी पिल्लं. फोडायला मदत करू नका.

दिवाळीनंतर महाशिवरात्रीपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. पावसात ओल आणि रक्ती हगवण, उन्हाळ्यात निपज कमी.

## ९. पिल्लं वाचवा

आईखाली असतील तर उष्णतेची काळजी नाही. मशीनची असतील तर पहिला आठवडा ३५ अंश, मग दर आठवड्याला तीन अंशांनी कमी. थर्मामीटरपेक्षा पिल्लंच सांगतात: बल्बखाली ढीग झाला तर थंडी वाजते, कडेला पांगली तर उकडतंय.

लशी चुकवू नका:

- पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा (मानमोडीची लस), डोळ्यात किंवा नाकात एक थेंब.
- चौदाव्या दिवशी गंबोरो रोगाची लस.
- चौथ्या आठवड्यात लासोटा पुन्हा.
- सहाव्या आठवड्यात देवीची लस.
- आठव्या आठवड्यात आर-टू-बी (हीही मानमोडीचीच), कातडीखाली टोचून. ही त्या वयाआधी देऊ नका, ती तीव्र असते.

लशीची एक बाटली बऱ्याच पक्ष्यांची असते आणि फोडली की दोनेक तासांत संपवावी लागते. म्हणून वाडीतल्या चार घरांनी मिळून एकाच दिवशी लस आणावी. लस बर्फातच आणायची आणि सकाळी लवकर द्यायची. आजारी पिल्लाला देऊ नये.

खाणं: पहिले दीड-दोन महिने तयार खाद्य द्या, नुसत्या कणीवर संकरित पिल्लू खुरटतं. पुढे कणी, मका-ज्वारीची भरड, थोडी शेंगदाणा पेंड, सुकटीचा चुरा, आणि अंड्यावर आल्यावर शिंपल्यांचा चुरा. बाकी त्या उकिरड्यावर शोधतात.

## १०. तीनदा चाळणी

आठव्या आठवड्यात वजन करा. खुरटी, वाकड्या चोचीची, पायाने अधू अशी पैदाशीतून बाद.

चौथ्या-पाचव्या महिन्यात नर-मादी वेगळे करा. जास्तीचे नर इथे विका, पण गावठी पिल्लांतले भारी आणि चपळ असे दोन-तीन बाजूला ठेवूनच. माद्यांत वजनाने मधल्या ठेवा, सगळ्यात भारी नकोत.

अंड्यावर येऊन सहा महिने झाल्यावर वही उघडा. ज्या घराण्याच्या मुलींनी अंडी दिली, तेच जोड पुन्हा लावायचं. मिश्र मुली गावठीपेक्षा लवकर अंड्यावर येतात आणि खुडूक कमी बसतात. काही अजिबात बसत नाहीत, ते चालतं. उबवणीसाठी गावठी आया आहेतच.

## ११. पुढची पिढी: गावठी बीज संपू देऊ नका

मिश्र मुलींवर पुन्हा सुधारित कोंबडा सोडण्याचा मोह होतो. तिसऱ्या पिढीला परसात सुधारितच पक्षी उरतात, खुडूक संपते, आणि तुम्ही पिल्लं विकत आणायला परत तालुक्याला जाता. मिश्र नर मिश्र मादीवर सोडला तर पिल्लांत कुठलाच सारखेपणा उरत नाही.

म्हणून मिश्र पक्षी हा अंड्यांसाठी आणि विक्रीसाठी ठेवा, पैदाशीसाठी नको. वर्षाची वाटणी अशी करता येते. गणपतीनंतर गावठी कोंबडा कळपात. दिवाळीच्या सुमारास त्याची अंडी बसवून पुढच्या आया तयार करा. मग तो काढा, सुधारित कोंबडा सोडा, तीन आठवडे अंडी धरू नका, आणि त्यानंतर शिवरात्रीपर्यंत मिश्र पिल्लं काढा. दोन वेतांच्या पायात दोन रंगांच्या कड्या.

गावठी कोंबडा दर वर्षी-दीड वर्षाला दोन-तीन गावं सोडून बदलून आणा. बाप मुलींवर राहिला की अंडी रिकामी जातात, पिल्लं कवचात मरतात, वाकडी बोटं दिसायला लागतात. पैसे देऊन घ्यायलाच हवा असं नाही, चांगला कोंबडा देऊन चांगला घ्यावा. मात्र अदलाबदलीतला कोंबडाही सहाव्या पायरीतून गेल्याशिवाय कळपात नको.

## १२. सरकारी योजना आणि कागदपत्रं

घरच्या पाच-पंचवीस कोंबड्यांसाठी योजनेची वाट पाहू नका. पण घ्यायचीच असेल तर राज्याच्या एकात्मिक कुक्कुट विकास योजनेत ५० टक्के अनुदानावर दोन प्रकार असतात: एक दिवसाच्या १०० पिल्लांचा गट, किंवा २५ तलंगा आणि ३ नर यांचा गट. नवशिक्याने तलंगांचाच घ्यावा, कारण पिल्लांचे सगळ्यात नाजूक आठवडे सरलेले असतात. पंचायत समितीतल्या पशुधन विकास अधिकाऱ्यांकडे जाहिरात कधी निघणार ते विचारून ठेवा. मुदत थोडी असते.

साधारण लागणारे कागद: आधार कार्ड, शिधापत्रिका, बँक पासबुकाची पहिल्या पानाची प्रत, सातबारा आणि आठ-अ किंवा घराचा उतारा, लागू असेल तर जातीचा दाखला, बचत गटात असाल तर त्याचा दाखला, आणि फोटो. आधारला जोडलेलं बँक खातं चालू आहे ना, हे अर्जाआधी बँकेत जाऊन बघा. अनुदान बहुतेक वेळा इथेच अडकतं. नेमकी यादी त्या वर्षीच्या जाहिरातीतच वाचा.

गटातले ३ नर आणि २५ तलंगा बहुधा एकाच उबवणीतले असतात. त्यांची आपसात पैदास करू नका. एक नर तुमच्या गावठी कोंबड्यांवर घ्या, दुसरा शेजाऱ्याला द्या आणि त्याच्याकडून त्याच्या कळपातला चांगला गावठी नर मागून घ्या. तिसरा राखीव ठेवा, कारण पावसाळ्यात एखादा कोंबडा मुंगसाने नेला तर ऐन हंगामात नवा शोधायला वेळ नसतो.